अक्कांची चायना गाडी

आमच्या घरमालकीण घरातल्या प्रत्येक यंत्राचा केसपेपर काढायच्या. मिक्सरचा वेगळा, कूलरचा वेगळा, बोअरच्या मोटारीचा वेगळा. जुन्या नोंदवह्यांची पाठकोरी पानं कापून त्यांनी गठ्ठाच करून ठेवला होता. वर पेशंटचं नाव, वय, खाली तक्रार, तपासणी, निदान, उपचार. मिक्सरच्या पानावर मी एकदा वाचलं होतं: "तक्रार: खोबऱ्याला घाबरतो. उपचार: आधी थोडं पाणी, मग खोबरं. धीर द्यावा." मी आयटीआयमध्ये वायरमनच्या पोरांना शिकवतो. बावीस वर्षं फॉल्ट शोधायला शिकवत आलो, पण इतकी नेमकी नोंद माझ्या एकाही विद्यार्थ्यानं जर्नलात केलेली नाही.

त्या निवृत्त आरोग्यसेविका, म्हणजे खेड्यापाड्यांतल्या नर्सबाई. लातूरजवळच्या मुरुडच्या आजूबाजूच्या गावांत बत्तीस वर्षं त्यांनी बाळंतपणं केली, लसी टोचल्या आणि मग लातूरच्या घरी येऊन राहिल्या. खाली त्या एकट्या, वर भाड्यानं आम्ही तिघं: मी, बायको आणि मुलगी. यजमान लवकर गेलेले, एकुलता एक मुलगा पुण्यात कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. सगळी कॉलनी त्यांना अक्का म्हणायची, आणि त्या मला मास्तर म्हणायच्या. अक्कांचे किस्से मी चार लोकांत पुष्कळ वेळा रंगवून सांगितले आहेत. लोक पोट धरून हसतात, आणि मी दर वेळी एका ठराविक जागी येऊन थांबतो. आज त्याच्या पुढचंही सांगायचं ठरवलं आहे. ते ऐकून कुणी हसणार नाही, आणि मला लाज वाटते ती त्याच भागाची.

सकाळी गळ्यातल्या लिंगाची पूजा होईपर्यंत अक्का कुणाशी बोलायच्या नाहीत. पूजा झाली, कपाळाला भस्माची तीन बोटं ओढली की त्यांचा राउंड सुरू व्हायचा. बोअरची मोटार लावली की त्या तिला स्टेथोस्कोप लावून ऐकायच्या. "छातीत घरघर हाय, मास्तर. आठ दिवसांत बसंल ही." मी हसलो होतो. सहाव्या दिवशी बेअरिंग गेलं. पाने-पक्कड त्या लसीच्या निळ्या पेटीत ठेवायच्या, आणि स्क्रूला हात लावण्याआधी कोपरापर्यंत साबणानं हात धुवायच्या. एकदा बायकोशी भांडून मी तणतणत खाली उतरलो, तर त्यांनी काही न विचारता माझं मनगट धरलं, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून नाडी मोजली आणि म्हणाल्या, "नव्वदच्या वर हाय. नव्वदच्या वर असताना माणसानं बोलू न्हाई. जावा, चक्कर मारून या."

त्यांचा हात हलका, ही कॉलनीतली सर्वमान्य गोष्ट होती. डॉक्टरांनी लिहून दिलेलं इंजेक्शन घेऊन लोक दवाखान्यात न जाता अक्कांच्या ओट्यावर यायचे. सुई कधी गेली ते कळायचं नाही. माझ्या मुलीला लहानपणी ताप आला की ती डॉक्टरचं नाव काढलं की रडायची आणि अक्कांचं नाव काढलं की गप्प व्हायची.

आणि त्यांची ती गाडी. बॅटरीवर चालणारी, चिनी बनावटीची, फिकट निळ्या रंगाची स्कूटर. अशा गाड्या मधे काही वर्षं आपल्याकडं पुष्कळ आल्या. लायसन नको, नंबर नको, पेट्रोल नको. मग त्या आणणारे लोक एकाएकी नाहीसे झाले. अक्कांना गाडी विकणाऱ्यानं त्याच दुकानात कूलर विकायला सुरुवात केली आणि ओळख दाखवायचं बंद केलं. निवृत्तीच्या आदल्या वर्षी अक्कांनी ती घेतली होती. "बत्तीस वर्षं दुसऱ्याच्या मागं बसले, मास्तर," त्या सांगायच्या. "ग्रामसेवकाच्या, शिपायाच्या, कुणाच्या कुणाच्या. समोरचा रस्ता कधी दिसलाच न्हाई. नुस्ती माणसांची पाठ दिसायची." सीटखाली चिनी अक्षरांचं एक लाल स्टिकर होतं. त्यावर काय लिहिलंय ते कुणालाच सांगता येईना, तेव्हा अक्कांनी स्वतःच ठरवून टाकलं की हात धुवून मगच हात लावा असं लिहिलेलं आहे.

या गाडीवरून त्या दर पंधरा दिवसांनी मुरुडच्या पलीकडच्या एका खेड्यात जायच्या. तिथं त्यांच्या उपकेंद्रात कामाला असलेल्या मावशी राहायच्या. दोघींनी मिळून अर्ध्या तालुक्याची पोरं जन्माला घातली होती. मावशींना आता दिसत नव्हतं. अक्का जाऊन त्यांना न्हाऊ घालायच्या, नखं काढायच्या, वेणी घालायच्या आणि गावातलं कोण कसं वागतंय ते ऐकून यायच्या. गाडी एका दमात तेवढं अंतर जायची नाही. मग अक्का वाटेत कुठल्या तरी घरासमोर थांबायच्या, पिशवीतून चार्जर काढायच्या आणि सरळ आत जाऊन प्लग लावायच्या. "ज्या घरात बाळंतपण केलं तिथं प्लग लावायचा हक्क माझा हाय," असा त्यांचा कायदा होता. त्या रस्त्यावर हक्काचा प्लग नाही असं घर शोधायला लागलं असतं. तीन-चार तास त्या तिथं बसायच्या, जेवायच्या, लेकीसुनांची बीपी बघायच्या, आणि गाडी भरली की निघायच्या.

करोनाच्या दिवसांत गाडी पत्र्याखाली उभी राहिली. बॅटऱ्या बसल्या, उंदरांनी वायरी कुरतडल्या. सगळं सुरळीत झाल्यावर अक्का एसटीनं मुरुडला गेल्या, पण तिथून आत खेड्यात जायला वाहन मिळेना. उन्हात दोन तास थांबून परत आल्या. त्याच दिवशी त्यांनी गाडीचा केसपेपर काढला. तक्रारीच्या रकान्यात लिहिलं, "बेशुद्ध." मग वर येऊन मला म्हणाल्या, "मास्तर, हे तुमच्या-माझ्यानंच होईल. बाहेरचा डॉक्टर हिला हात लावत न्हाई."

ते चार महिने माझ्या आयुष्यातले फार चांगले गेले, हे कबूल करायला हवं. संध्याकाळी आयटीआयमधून आलो की चहा घेऊन आम्ही पत्र्याखाली बसायचो. मी वायरी बदलायचो, अक्का प्रत्येक वायरीचा रंग आणि जागा लिहून घ्यायच्या. बॅटऱ्या लातुरातच मिळाल्या, पण गाडीचा कंट्रोलर, म्हणजे मोटारीला करंट देणारी डबी, जळालेली होती आणि तसली कुठंच मिळेना. शेवटी नांदेडला एक म्हातारे मिस्त्री अशा बेवारस गाड्या दुरुस्त करतात असं कळलं. आम्ही एसटीनं निघालो. कंट्रोलर लसीच्या पेटीत ठेवून अक्कांनी पेटी मांडीवर घेतली होती. कंडक्टरनं विचारलं, "पेटीत काय हाय, मावशी?"

"मेंदू हाय," अक्का म्हणाल्या. "नांदेडला दाखवायला चालले."

आम्ही उतरेपर्यंत कंडक्टर पुन्हा आमच्याकडं फिरकला नाही.

मिस्त्रींच्या दुकानामागं तसल्या सात-आठ गाड्या पडल्या होत्या. ते अक्कांना म्हणाले, "इन गाड्यां के माँ-बाप भाग गए, अम्मा. अब हमीच पालते इनकू." त्यांनी एका गाडीचा कंट्रोलर काढून पुढं केला, पण अक्कांनी तो घेतला नाही. आधी ती गाडी कशानं गेली ते सांगा म्हणाल्या. मिस्त्रींनी गंभीरपणे सांगितलं, "पानी में डूबी थी अम्मा, मगर भेजा सूखा था." मग अक्कांनी हात पुसून तो दोन्ही हातांत घेतला आणि पेटीत ठेवला.

खंडेनवमीच्या सकाळी गाडी चालू झाली. सगळी कॉलनी आपापल्या गाड्या धुऊन हार घालत होती. अक्कांनी हेडलाइटवर भस्माची तीन बोटं ओढली, झेंडूची माळ घातली आणि बसल्या. कॉलनीला दोन चकरा मारल्या, तिसऱ्या चकरेला थांबल्याच नाहीत. पाऊण तासानं आल्या तेव्हा डोळ्यांतून पाणी येत होतं, वाऱ्यानं म्हणाल्या. पुढच्याच आठवड्यात मुरुडकडं जायचं त्यांनी ठरवून टाकलं.

किस्सा मी इथं थांबवतो. लोकांना वाटतं, अक्का अजून तशाच हिंडत असतील.

खंडेनवमीच्याच दुपारी पुण्याहून अक्कांच्या मुलाचा फोन आला. कॉलनीतल्या कुणी तरी त्याला अक्कांचा व्हिडिओ पाठवला होता. तो चिडला नव्हता, घाबरला होता. "काका, सत्तरीची बाई हायवेला ट्रकांच्या मधून जाणार. तुम्हीच गाडी चालू करून दिलीत. उद्या काही झालं तर मी कुणाला विचारायचं?" मी म्हणालो, त्या ऐकणार नाहीत. तो म्हणाला, "ऐकायला कशाला पाहिजे? ते चोर बटण असतं ना, तसं काही बसवा. तुम्हाला काय अवघड आहे." मग फोन ठेवता ठेवता म्हणाला, "आणि ताईचा बायोडाटा पाठवताय ना? आमच्याकडं अप्रेंटिसच्या जागा निघतायत." माझी मुलगी त्या वर्षी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती.

त्यानं या दोन गोष्टी एकमेकींना बांधल्या नव्हत्या. मी बांधल्या.

आमच्याकडं मोटारसायकलला चोर बटण बसवायची पद्धत आहे. धन्याला ठाऊक असलेल्या जागी एक छोटं बटण लपवायचं. ते बंद असलं की किल्ली असूनही गाडी चालू होत नाही. मी शेकडो गाड्यांना बसवून दिलं असेल. या बॅटरीच्या गाड्यांत एक सोय असते: ब्रेक दाबला की मोटारीचा करंट आपोआप तुटतो. दुसऱ्या दिवशी अक्का पूजेला बसल्या असताना मी ब्रेकच्या त्या दोन बारीक तारांना हँडलच्या आवरणाखाली बटण जोडलं. बटण एका बाजूला केलं की गाडीला सतत वाटणार, ब्रेक दाबलेलाच आहे. लाइट लागणार, हॉर्न वाजणार, मूठ पिळली तर गाडी हलणार नाही. वीस मिनिटांचं काम होतं. मी हातही धुतले नव्हते.

मी स्वतःची समजूत अशी घातली होती की आठ-पंधरा दिवसांत अक्का नाद सोडतील. अक्कांनी नाद सोडला नाही. "पेशंट शुद्धीत हाय, पण उठत न्हाई," असं म्हणत त्यांनी एकेक वायर आपल्या नोंदींशी ताडून बघितली. मी शेजारी बसून टॉर्च धरायचो, मान हलवायचो. हँडलचं आवरण काढायची वेळ आली की ते मी काढायचो, आणि आत सगळं ठीक आहे म्हणून परत लावायचो. एकदा त्यांनी नांदेडच्या मिस्त्रींना फोन लावला आणि फोन माझ्यासमोर मोठ्या आवाजात ठेवला. मिस्त्री म्हणाले, "अम्मा, गाडी समझ री ब्रेक दबा हुआ है. कोई और बैठा तो चलती क्या? नहीं चली तो मैं खुद आके देखता."

अक्का माझ्याकडं वळल्या. "मास्तर, तुम्ही बसा बरं."

मिस्त्री आले असते तर दोन मिनिटांत त्यांना बटण सापडलं असतं. मी बसलो. हँडल धरताना बोट आवरणाखाली गेलं आणि मी बटण सरकवलं. मूठ पिळली. गाडी मुकाट्यानं फाटकापर्यंत गेली आणि परत आली. उतरताना बटण पुन्हा होतं तिथं केलं. मग अक्का बसल्या. गाडी हलली नाही. मी पुन्हा बसलो, चालली. अक्का बसल्या, नाही.

अक्का खाली उतरल्या आणि आपले दोन्ही हात डोळ्यांसमोर धरून बराच वेळ बघत राहिल्या. "म्हणजे बोटं माझी दाबून राहिलीत ब्रेक," त्या म्हणाल्या. "मला वाटतंय सैल हायत, पण ती सैल न्हाईत. मला कळंना झालंय." त्यांनी बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. दुसऱ्या कुणाच्या हातांची तपासणी करावी तशा करत होत्या.

बोलायची ती वेळ होती. मी म्हणालो, "वयानं होतं असं, अक्का."

ते वाक्य मी बोललो, आणि ते बोलताना माझा आवाज अगदी मायेचा होता. बटण बसवल्याचं मी एक वेळ मुलाच्या भीतीवर ढकलू शकतो. हे वाक्य कुणीच सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी केसपेपरवरचं पेशंटचं नाव खोडलं आणि तिथं "स्वतः" असं लिहिलं. निदानाच्या रकान्यात दोन ओळी होत्या: "बोटांना दाब कळत नाही. विश्वास ठेवू नये."

पुढच्या रविवारी त्यांनी मला विचारलं की मोटारसायकलवर मुरुडकडं न्याल का. मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून त्या बसल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. वाटेत मी दोन-तीनदा विषय काढला, त्यांनी नुसतं हं केलं. त्यांना दिसत असेल ती माझी पाठ. मावशींच्या घरी पाणी तापवून ठेवलेलं होतं. मावशींनी सवयीनं हात पुढं केला, तर अक्का त्यांच्या सुनेला म्हणाल्या, "तू काढ गं नखं. माझे हात भरवशाचे न्हाईत आता." मावशींना दिसत नव्हतं, त्या चाचपडत अक्कांची बोटं हातात घेऊन म्हणाल्या, "काय झालंय यांना? हायत तशीच तर हायत." अक्का म्हणाल्या, "तुला न्हाई कळायचं."

त्यानंतर इंजेक्शनं बंद झाली. ओट्यावर आलेल्या माणसाला त्या दवाखान्यात पाठवायच्या. कप दोन्ही हातांनी धरू लागल्या, आणि धसका घेतल्यानं खरंच एक-दोन फुटले. मोटारीला स्टेथोस्कोप लावायचं सोडलं. मुलगा आला आणि त्यांना पुण्याला घेऊन गेला. जाताना सगळ्या कॉलनीसमोर माझ्या बायकोला म्हणाल्या, "मास्तरांनी लई केलं माझ्या गाडीसाठी. पोटचा करणार न्हाई." मी पिशव्या डिकीत ठेवत होतो, ठेवतच राहिलो.

माझ्या मुलीला अप्रेंटिसशिप मिळाली. दोन वर्षांनी ती तिथंच कायम झाली, तेव्हा पेढे घेऊन आम्ही अक्कांच्या मुलाकडं गेलो. अक्का गॅलरीत खुर्चीवर बसल्या होत्या, हात पदराखाली. मुलगी आत बसली, मी गॅलरीत गेलो. सांगायचं असं ठरवून गेलो नव्हतो. त्या म्हणाल्या, "इथं मला प्लास्टिकचा मग देतात, मास्तर," आणि मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. बटण, ब्रेकच्या तारा, मी बसलो तेव्हा बोट कुठं गेलं होतं ते.

माझं झाल्यावर त्यांनी हात पदराखालून बाहेर काढून गॅलरीच्या गजावर ठेवले. "म्हणजे हातांत काय खराबी न्हवती."

"नव्हती, अक्का."

"परत सांगा."

"हात चांगले आहेत. पहिल्यापासून चांगले होते."

मला वाटलं आता त्या बोलतील, शिव्या देतील. त्या उठल्या. दोन वर्षांत इतक्या झटकन उठल्या नसतील. "चला आत. लेकाला हे सांगा. मी सांगून त्याला पटायचं न्हाई, तुम्ही सांगितलं की पटंल. मला घरी जायचं हाय, मास्तर. मावशी हाय अजून." त्यांनी माझं मनगट धरलं होतं आणि पकड घट्ट होती.

हॉलमध्ये मुलगा, सून आणि माझी मुलगी बसले होते. अक्का मधे उभ्या राहून म्हणाल्या, "ऐका, मास्तर काय सांगतात ते. गाडीला बटण होतं. माझे हात चांगले हायत."

मुलानं माझ्याकडं बघितलं. त्याचा चेहरा उतरला होता. माझ्या मुलीनंही बघितलं, हसत, काही तरी गंमत ऐकायला मिळणार अशा तयारीनं. तिला त्या फोनचं काहीच माहीत नव्हतं. माझ्या मागं अक्का थांबल्या होत्या.

मी म्हणालो, "अक्का, तुम्ही दमलाय. बसा जरा."

सूनबाई लगबगीनं उठली, त्यांना धरून सोफ्यावर बसवलं आणि हळू आवाजात मला म्हणाली, "हल्ली असं मधेच काही तरी बोलतात." मुलगा खिडकीकडं बघत होता. अक्का माझ्याकडं बघत होत्या, आणि मी चपलांकडं. मग त्यांनी हात पदराखाली घेतले. माझ्या मुलीनं पेढ्यांचा डबा त्यांच्यापुढं धरला, "घ्या ना, अक्का." त्यांनी हात बाहेर काढले नाहीत. तेव्हा सूनबाईनं अर्धा पेढा मोडून त्यांच्या तोंडात घातला.